हृद्‌झडपसंकोचातील प्रच्छन्न हृद्‌रोहिणी विकार

हृदयातील एखाद्या झडपेचे छिद्र आकसून रक्तप्रवाहास अडथळा होणे, या विकृतीस झडपसंकोच म्हणतात. हृदयाच्या स्नायूला रक्त पुरविणाऱ्या हृद्‌रोहिण्यांच्या आतील पोकळी मेदयुक्त थर साचून अरुंद होणे, हा हृद्‌रोहिणी विकार होय. हे दोन्ही विकार एकाच व्यक्तीत असू शकतात. मात्र झडपेची विकृती मर्मरध्वनी, दम लागणे, पायांवर सूज येणे यांसारख्या ठळक खुणांनी लक्ष वेधून घेते आणि रोहिण्यांची विकृती तिच्याआड दडून राहते. छातीत वेदना नाही, पूर्वी हृदयविकाराचा झटका आल्याचा इतिहास नाही, विद्युत्‌ हृल्लेखात निश्चित खूण नाही आणि तरीही रोहिणीचित्रणात एखाद्या प्रमुख हृद्‌रोहिणीचा व्यास निम्म्याहून अधिक घटलेला आढळतो, अशा स्थितीस प्रच्छन्न हृद्‌रोहिणी विकार म्हणण्याचा प्रघात आहे. ‘प्रच्छन्न’ हे विशेषण खरे पाहता रोगाचे नसून वैद्याच्या दृष्टीचे आहे. कारण रोग तेथे असतोच, तो पाहण्याचे साधन तेवढे नसते. प्रस्तुत नोंदीत या जोडविकाराच्या ज्ञानाचा इतिहास, मुंबई व तिच्या परिसरातील, विशेषतः पनवेलसारख्या गावाच्या संदर्भातील परिस्थितीसह, दिला आहे.

लक्षणांची सरमिसळ : निरोगी प्रौढ व्यक्तीत डावे अलिंद व डावे निलय यांमधील द्विदली झडपेचे छिद्र सु. ४ ते ६ चौ. सेंमी. असते, महारोहिणीच्या मुखाशी असलेल्या झडपेचे सु. ३ ते ४ चौ. सेंमी. असते. द्विदली झडपेचे छिद्र १·५ चौ. सेंमी. किंवा त्याहून कमी आणि महारोहिणी झडपेचे १ चौ. सेंमी. किंवा त्याहून कमी झाले असता संकोच तीव्र मानतात. महारोहिणी झडप आकसली की, रक्त बाहेर ढकलण्यासाठी डाव्या निलयाला अधिक दाब निर्माण करावा लागतो आणि त्याची भिंत जाड होत जाते. जाड भिंतीला प्राणवायू अधिक लागतो. तथापि वाढलेल्या दाबाखाली भिंतीच्या आतील थरांतील सूक्ष्म वाहिन्या चेपल्या जातात व तेथवर रक्त पुरेसे पोहोचत नाही. हृद्‌रोहिण्यांतून स्नायूंकडे जाणारे रक्त मुख्यतः हृदयाच्या शिथिलन काळात वाहते आणि नाडी जलद झाली की, हा काळच आखडतो. परिणामी हृद्‌रोहिण्या पूर्णपणे निर्दोष असतानाही महारोहिणी झडपसंकोचाच्या रुग्णाला चढण चढताना छातीत कळ येऊ शकते. म्हणजे हृद्‌शूल असला म्हणजे हृद्‌रोहिणी विकार आहेच, असे या रुग्णांत म्हणता येत नाही.

द्विदली झडपसंकोचात गोष्ट उलट बाजूने फसवी ठरते. अशा रुग्णाला थोड्या श्रमानेच दम लागतो. तो जिना टाळतो, ओझे उचलणे सोडतो, हळूहळू अंगणापुरता वावरू लागतो. हृद्‌शूल उद्‌भवण्याइतके श्रम त्याच्याकडून होतच नाहीत. रोहिण्या अरुंद झालेल्या असूनही त्यांची परीक्षा कधी होत नाही. शिवाय या रुग्णांना पुष्कळदा दिले जाणारे डिजॉक्सिन हे औषध विद्युत्‌ हृल्लेखात असे फरक घडविते की, ते रक्तपुरवठ्याच्या उणिवेपासून वेगळे ओळखणे कठीण जाते. महारोहिणी झडपसंकोचात निलयाची भिंत जाड झाल्यानेही तसेच फरक दिसतात. चालत्या पट्ट्यावर रुग्णास चालवून हृल्लेख घेण्याची जी परीक्षा इतरत्र उपयोगी पडते, ती लक्षणे असलेल्या तीव्र महारोहिणी झडपसंकोचात मूर्च्छेच्या व आकस्मिक मृत्यूच्या भीतीने वर्ज्य मानली जाते. एकूण नेहमीच्या साऱ्या वाटा येथे एक तर बंद असतात किंवा चुकीच्या ठिकाणी नेतात.

प्राचीन व आधुनिकपूर्व कल्पना : आयुर्वेदाच्या संहितांत हृद्‌रोगाचे वातज, पित्तज, कफज, सान्निपातिक व कृमिज असे पाच प्रकार सांगितले आहेत. हे वर्गीकरण लक्षणांवर आधारलेले असल्याने झडपांचे व रोहिण्यांचे विकार असा भेद त्यात संभवत नव्हता. युरोपातही अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत परिस्थिती फारशी वेगळी नव्हती. अर्जुनसालीचा हृद्‌रोगातील उपयोग चक्रदत्तासारख्या ग्रंथांत आढळतो. पनवेल येथे १८७२ मध्ये वैद्य कृष्णशास्त्री पुराणिक यांनी स्थापन केलेल्या व पुढे धूतपापेश्वर या नावाने प्रसिद्धीस आलेल्या औषधालयामुळे हे गाव आयुर्वेदीय औषधनिर्मितीचे एक जुने केंद्र ठरले. पश्चिमी पद्धतीचे हृद्‌रोगतज्ञ परिसरात उपलब्ध होण्यापूर्वी दम लागणाऱ्या व सूज आलेल्या रुग्णांचा पहिला आधार वैद्यच असे, ही गोष्ट या विषयाच्या स्थानिक इतिहासात ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

युरोपात दोन्ही विकारांचा शोध दोन स्वतंत्र प्रवाहांत लागला. रेमाँ व्ह्यूसेन्स या फ्रेंच वैद्यांनी १७१५ मध्ये द्विदली झडपसंकोचाचे वर्णन केले. इटालियन शारीरविज्ञ जोव्हान्नी बात्तीस्ता मोर्गान्ये यांनी १७६१ च्या आपल्या ग्रंथात शवविच्छेदनात दिसलेल्या विकृतींचा हयातीतील लक्षणांशी मेळ घातला. रने लेनेक यांनी १८१६ मध्ये स्टेथॉस्कोप शोधून काढल्यावर झडपांचे विकार कानांनी ओळखता येऊ लागले आणि एकोणिसाव्या शतकातील हृद्‌रोगविद्या ही मुख्यतः झडपांची विद्या बनली. हृद्‌रोहिण्यांना मात्र आवाज नसतो. विल्यम हेबर्डेन यांनी १७६८ मध्ये लंडनच्या वैद्यांपुढे हृद्‌शूलाचे वर्णन वाचले (१७७२ मध्ये प्रसिद्ध) व त्यात रोहिण्यांचा उल्लेखही केला नाही. एडवर्ड जेन्नर यांना काही शवविच्छेदनांवरून हृद्‌शूलाचे मूळ कठीण झालेल्या हृद्‌रोहिण्यांत असावे अशी शंका आली होती. परंतु त्यांचे गुरू जॉन हंटर हेच हृद्‌शूलाने आजारी असल्याने त्यांनी ती उघडपणे मांडली नाही. हंटर १७९३ मध्ये मरण पावले आणि शवविच्छेदनात त्यांच्या हृद्‌रोहिण्या कठीण झालेल्या आढळल्या. कॅलेब पॅरी यांनी १७९९ मध्ये या कल्पनेला प्रसिद्धी दिली. तरीही जिवंत रुग्णात हृद्‌रोहिणीतील गुठळीचे निदान शक्य आहे, हे जेम्स हेरिक यांनी स्पष्टपणे मांडेपर्यंत १९१२ साल उजाडले. या दोन प्रवाहांचे पाणी एकमेकांत मिसळण्यास पुढे आणखी अर्धे शतक लागले.

शस्त्रक्रियेचा उदय : आकसलेली द्विदली झडप शस्त्राने मोकळी करता येईल, अशी सूचना लॉडर ब्रंटन यांनी १९०२ मध्ये केली आणि त्याबद्दल समव्यावसायिकांची टीका सोसली. एलियट कटलर यांनी बॉस्टन येथे १९२३ मध्ये एका १२ वर्षांच्या मुलीवर अशी शस्त्रक्रिया केली. ती वाचली, परंतु पुढील बहुतेक रुग्ण दगावल्याने तो उपक्रम थांबला. लंडन येथे हेन्री सूटर यांनी १९२५ मध्ये डाव्या अलिंदातून बोट घालून झडप मोकळी केली. मुलगी बरी झाली, पण त्यानंतर एकाही वैद्याने त्यांच्याकडे असा दुसरा रुग्ण पाठविला नाही. १९४८ साली चार्ल्स बेली (फिलाडेल्फिया), ड्वाइट हार्केन (बॉस्टन) आणि रसेल ब्रॉक (लंडन) यांनी काही महिन्यांच्या अंतराने यश मिळविले, तेव्हा कोठे ही शस्त्रक्रिया रुळली. जॉन गिबन यांनी १९५३ मध्ये हृद्‌-फुप्फुस यंत्राच्या साहाय्याने हृदय उघडून यशस्वी शस्त्रक्रिया केली व १९६० मध्ये हार्केन आणि ॲल्बर्ट स्टार यांनी कृत्रिम झडपा बसविल्या.

या साऱ्या काळात शस्त्रक्रियेपूर्वी हृद्‌रोहिण्यांची अवस्था पाहण्याचा प्रश्न उपस्थित झाला नाही. पाहण्याचे साधनच नव्हते. ते साधन झडपेच्या रुग्णाच्याच निमित्ताने सापडले, हा वैद्यकाच्या इतिहासातील एक चमत्कारिक योगायोग म्हटला पाहिजे. व्हेर्नर फोर्समान यांनी १९२९ मध्ये एबर्सव्हाल्ड येथे स्वतःच्या दंडातील नीलेतून नळी हृदयापर्यंत सरकवून क्ष-किरण छायाचित्र घेतले होते. पुढे आंद्रे कुर्नां व डिकिन्सन रिचर्ड्‌स यांनी त्या तंत्राचा विकास केला आणि तिघांना १९५६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. तथापि हृद्‌रोहिणीत थेट अपारदर्शक द्रव्य सोडणे प्राणघातक ठरेल, अशी सर्वांची समजूत होती. ३० ऑक्टोबर १९५८ रोजी अमेरिकेतील क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये मेसन सोन्स हे संधिज्वरजन्य झडपविकार असलेल्या एका २६ वर्षांच्या रुग्णाच्या महारोहिणीचे चित्रण करीत होते. द्रव्य सोडण्याच्या क्षणी नळीचे टोक उजव्या हृद्‌रोहिणीत शिरले आणि सु. ३० घ. सेंमी. द्रव्य तीत गेले. काही क्षण हृदय थांबले. सोन्स यांनी रुग्णाला जोराने खोकण्यास सांगितले आणि ठोके पुन्हा सुरू झाले. रुग्ण जगला व पडद्यावर हृद्‌रोहिणी स्पष्ट दिसली. द्रव्य कमी प्रमाणात वापरल्यास ही परीक्षा सुरक्षितपणे करता येईल, हे सोन्स यांनी ओळखले आणि त्यासाठी खास नळ्या तयार करविल्या. त्याच संस्थेत रने फाव्हालोरो यांनी १९६७ मध्ये पायातील नीलेचा तुकडा वापरून हृद्‌रोहिणीतील अडथळा वळसा घालून ओलांडण्याची (बायपास) शस्त्रक्रिया रूढ केली. आता झडप व रोहिण्या एकाच शस्त्रक्रियेत दुरुस्त करणे शक्य झाले व ‘रोहिण्या पाहाव्यात की नाही’ हा प्रश्न प्रथमच अर्थपूर्ण बनला.

मुंबईतील कार्य : महाराष्ट्रात हृद्‌शस्त्रक्रियेचा पाया परळ येथील सेठ गोर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय व त्याला जोडलेल्या, १९२६ मध्ये सुरू झालेल्या के. ई. एम. रुग्णालयात घातला गेला. डॉ. प्रफुल्लकुमार सेन (१९१५ – ८२) यांनी १९५० नंतरच्या दशकात तेथे द्विदली झडपसंकोचावरील बंद पद्धतीच्या शस्त्रक्रिया सुरू केल्या. डॉ. जी. बी. परुळकर हे त्यांचे निकटचे सहकारी होते. डॉ. के. एन. दस्तूर यांनी नायर रुग्णालयात हृद्‌शस्त्रक्रियेचे दुसरे केंद्र उभारले. सेन यांनी फेब्रुवारी १९६८ मध्ये भारतातील पहिले हृदय-प्रतिरोपण केले. ख्रिस्तियान बर्नार्ड यांच्या केपटाउनमधील शस्त्रक्रियेनंतर अवघ्या अडीच महिन्यांत झालेली ही घटना त्या वेळी बरीच गाजली, जरी रुग्ण काही तासच जगला. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने मात्र सेन यांचे १९६५ मधील एक कमी परिचित संशोधन अधिक महत्त्वाचे आहे. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या हृदयस्नायूला काही अंशी निलयातील रक्तच थेट मिळते, या गोष्टीवरून सेन, उडवाडिया, विकृतिवैज्ञानिक किनरे व परुळकर यांनी हृदयाच्या भिंतीला सुईने सूक्ष्म छिद्रे पाडून रक्तपुरवठा वाढविण्याचा प्रयोग केला व त्याला स्नायुपार सूचिवेध अशा अर्थाचे नाव दिले. ती पद्धत उपचार म्हणून टिकली नाही. पण झडपांच्या शस्त्रक्रियांसाठी प्रसिद्ध असलेला हा विभाग त्याच वेळी हृद्‌रोहिणी विकाराशीही झुंजत होता, हे त्यावरून दिसते. लेसर किरणांनी अशी छिद्रे पाडण्याचे जे तंत्र पुढे पश्चिमेत आले, त्याचे पूर्वरूप म्हणून सेन यांच्या निबंधाचा उल्लेख होतो.

परळच्या त्या विभागापुढे येणारे बहुसंख्य झडपरुग्ण तरुण असत. संधिज्वर हा दाट वस्तीत, अपुऱ्या हवेच्या खोल्यांत राहणाऱ्या मुलांचा रोग. घशातील मालागोलाणूंच्या संसर्गानंतर तो उद्‌भवतो व झडपा जायबंदी करून जातो [→ संधिज्वर]. भारतात या रोगाची गती पश्चिमेपेक्षा जलद असते. वयाच्या विशीच्या आतच तीव्र द्विदली झडपसंकोच होतो, हे सुजॉय रॉय व त्यांच्या दिल्लीतील सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये लॅन्सेटमधील निबंधात दाखवून दिले. अठरा-वीस वर्षांच्या मुलीच्या हृद्‌रोहिण्या तपासण्याचे कारण कोणालाही वाटले नसते, आणि ते योग्यच होते. बंद पद्धतीच्या शस्त्रक्रियेत हृदय थांबवावे लागत नसे. त्यामुळे मध्यमवयीन रुग्णात रोहिण्यांचा विकार लपलेला असला, तरी तो बहुधा शस्त्रक्रियेच्या वेळी उघडा पडत नसे.

पनवेल व परिसर : पनवेल हे कुलाबा (१९८१ पासून रायगड) जिल्ह्यातील जुने बंदर व बाजारपेठ. येथील नगरपालिका १८५२ ची. १८३० मध्ये बोरघाटाचा रस्ता झाल्यावर मुंबईहून पाण्याच्या वाटेने पनवेलला उतरून पुण्यास जाण्याचा प्रघात होता. १८६३ मध्ये घाटातून आगगाडी सुरू झाल्यावर ती वर्दळ ओसरली. मुंबई समोर, पण रस्त्याने दूर, अशी या गावाची दीर्घकाळ स्थिती होती. मुंबईस मोटारीने जावयाचे तर मुंब्रा-ठाण्याचा वळसा घ्यावा लागे. दिव्याहून पनवेलला लोहमार्ग १९६४ मध्ये आला आणि ठाण्याच्या खाडीवरील वाशीचा पूल १९७३ मध्ये झाला. तोवर आगरी, कोळी, कुणबी व आदिवासी वस्त्यांतील हृद्‌रोग्याला परळपर्यंत नेणे ही त्याच्या घरच्यांची एक मोहीमच असे. शस्त्रक्रियेनंतरच्या फेरतपासण्या, दर तीन-चार आठवड्यांनी घ्यावयाची पेनिसिलिनची सुई, कृत्रिम झडप असल्यास रक्त न गोठण्याच्या गोळ्या व त्यांच्या मात्रेसाठी वारंवार करावयाची रक्तपरीक्षा यांपैकी काय काय अंतरामुळे सुटत असेल, याची कल्पना करणे अवघड नाही. पेनिसिलिन स्वतः दुर्मिळ राहिले नव्हते. पुण्याजवळ पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स हा सरकारी कारखाना १९५४ मध्येच स्थापन झाला होता. उणीव होती ती औषध रुग्णापर्यंत वर्षानुवर्षे पोहोचत राहण्याची.

१९७० मध्ये सिडको या महामंडळाची स्थापना झाली आणि नव्या मुंबईसाठी ठाणे, पनवेल व उरण भागांतील ९५ गावांची जमीन संपादण्यात आली. भातशेती व मिठागरे यांच्या जागी नवीन पनवेल, कळंबोली, कामोठे, खारघर या वसाहती वाढल्या. कामोठे येथे १९८९ मध्ये महात्मा गांधी मिशनचे वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. उपनगरी गाड्या १९९८ मध्ये पनवेलपर्यंत आल्या, २०१६ मध्ये नगरपालिकेची महानगरपालिका झाली. हा तपशील येथे देण्याचे कारण असे की, परिसराबरोबर हृद्‌रोगाचे स्वरूपही पालटले. शेतात व खाडीत राबणाऱ्यांच्या जागी बैठे काम करणारे आले; आहार, तंबाखूचे व्यसन, मधुमेह व रक्तदाब यांमुळे हृद्‌रोहिणी विकार वाढीस लागला. दक्षिण आशियाई लोकांत हा विकार तसाही लवकर येतो : ५२ देशांत झालेल्या इंटरहार्ट या पाहणीच्या माहितीनुसार हृदयविकाराच्या पहिल्या झटक्याचे मध्यक वय दक्षिण आशियाई रुग्णांत ५३ वर्षे, तर इतरांत सु. ५९ वर्षे आढळले. दुसरीकडे, संधिज्वराचे जुने रुग्णही आता अधिक वर्षे जगू लागले. जपानी शल्यतज्ञ कानजी इनोउए यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेली, फुग्याने द्विदली झडप रुंद करण्याची पद्धत त्या दशकाच्या अखेरीस भारतात आली व छाती न उघडता उपचार होऊ लागले. त्रिवेंद्रमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेने विकसित केलेली भारतीय बनावटीची कृत्रिम झडप डिसेंबर १९९० मध्ये प्रथम रुग्णात बसविण्यात आली व परदेशी झडपांच्या मानाने बरीच स्वस्त पडली. ज्या रुग्णाने पूर्वी तिशी-चाळिशीत जग सोडले असते, तो साठीपर्यंत पोहोचू लागला. म्हणजेच हृद्‌रोहिणी विकाराच्या वयात आला. बालपणीच्या दारिद्र्याचा एक रोग व प्रौढपणीच्या सुबत्तेचा दुसरा, अशी दोन्ही ओझी एकाच हृदयावर पडण्याचा प्रसंग मागील पिढीत विरळ होता.

दुर्लक्षाचे परिणाम : झडप बदलताना हृदय थांबवून स्नायू थंड ठेवतात व त्याच्या रक्षणासाठी पोटॅशियमयुक्त द्रव हृद्‌रोहिण्यांतून सोडतात. १९७० नंतरच्या दशकात सर्वत्र रुळलेल्या या पद्धतीने शस्त्रक्रियेतील मृत्यू पुष्कळच कमी झाले. पण रोहिणी मध्येच आकसलेली असेल, तर त्यापलीकडील स्नायूपर्यंत तो द्रव पुरेसा पोहोचत नाही. तेवढा भाग असंरक्षित राहतो. झडप उत्तम बसलेली असूनही यंत्र थांबविताना हृदय भार उचलेनासे होते. हा धोका टळला, तरी दुसरा राहतो. नवी झडप मिळालेला रुग्ण अनेक वर्षांनी प्रथमच मोकळेपणाने चालू लागतो आणि त्या चालण्यानेच दडलेला हृद्‌शूल प्रकट होतो. अशा वेळी पुन्हा छाती उघडणे हे पहिल्या वेळेपेक्षा अधिक जोखमीचे असते. पहिल्याच शस्त्रक्रियेत बायपास केल्यास वेळ थोडा वाढतो, एवढेच. द्विदली झडपसंकोचात आणखी एक बाब लक्षात घ्यावी लागते. फुगलेल्या डाव्या अलिंदात साचलेली गुठळी सुटून क्वचित हृद्‌रोहिणीत अडकते व झटका येतो. अशा रुग्णाच्या रोहिण्यांच्या भिंती निरोगी असू शकतात. तो प्रच्छन्न हृद्‌रोहिणी विकार नव्हे.

तपासणी कोणाची करावी, यावर मतभेद राहिले. १९७० व ८० च्या दशकांत ब्रिटनमध्ये काही तज्ञांनी, छातीत वेदना नसलेल्या रुग्णांना रोहिणीचित्रणाचा त्रास देऊ नये, असे मत मांडले. अमेरिकेत ते सरसकट करण्याकडे कल होता. हृद्‌शूल नसलेल्या झडपरुग्णांतही काहींच्या रोहिण्या रोगग्रस्त निघतात, हे जसजसे दिसत गेले, तसतसे पहिल्या मताचे बळ घटले. अखेर वयाची मर्यादा घालण्याचा मध्यम मार्ग सर्वमान्य झाला. युरोपीय व अमेरिकी हृद्‌रोग संस्थांच्या मार्गदर्शक सूत्रांनुसार ४० वर्षांवरील पुरुष, ऋतुनिवृत्त स्त्रिया आणि मधुमेह, धूम्रपान, कौटुंबिक पूर्ववृत्त यांसारखे धोके असलेले कोणत्याही वयाचे रुग्ण यांचे झडपशस्त्रक्रियेपूर्वी रोहिणीचित्रण केले जाते. भारतातही सामान्यतः हीच रीत आहे. मात्र ही मर्यादा जेथे महारोहिणी झडपेचे वृद्ध रुग्ण अधिक आहेत, अशा देशांतील अनुभवावर बेतलेली आहे. तेथील तीव्र महारोहिणी झडपसंकोचाच्या वृद्ध रुग्णांत सु. निम्म्यांना हृद्‌रोहिणी विकार आढळतो. भारतातील संधिज्वरजन्य द्विदली झडपसंकोचात हे प्रमाण त्याहून कितीतरी कमी असते. चाळिशीतील प्रत्येक संधिज्वरग्रस्त रुग्णाच्या मनगटातून वा जांघेतून नळी घातल्यास बहुतेकांच्या रोहिण्या स्वच्छच निघणार आणि त्या परीक्षेचा खर्च, अपारदर्शक द्रव्याचा मूत्रपिंडांवरील ताण व अल्प का होईना पण खरा असलेला धोका त्यांना विनाकारण सोसावा लागणार. उलट, इंटरहार्टसारख्या पाहण्या पाहता चाळिशीच्या आतील भारतीय पुरुषाला निर्धास्तपणे वगळणेही धाडसाचे आहे. दोन्ही बाजूंना तथ्य असले, तरी तंबाखू व मधुमेह यांची नीट चौकशी करून मगच वयाकडे पाहावे, हा पक्ष प्रस्तुत लेखकास अधिक सयुक्तिक वाटतो.

खर्चाचा प्रश्न काही अंशी शासकीय योजनेने हलका केला. महाराष्ट्र शासनाची राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना जुलै २०१२ मध्ये ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली, त्यांत रायगड जिल्ह्याचा समावेश होता. २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव देण्यात आले. झडप बदलणे व बायपास या दोन्ही शस्त्रक्रिया तीत अंतर्भूत आहेत.

चुन्याचा संकोच व अलीकडील काळ : वयोवृद्धांच्या महारोहिणी झडपेवर चुन्याचे कण साचून ती ताठर होते, हे योहान गेओर्ख म्यंकेबेर्ख यांनी १९०४ मध्ये वर्णिले व ते झिजेचे फळ मानले. पुढे सूक्ष्मदर्शकाखाली असे आढळले की, या झडपेत मेद, शोथपेशी व चुना यांचे जे थर असतात, ते हृद्‌रोहिणीतील थरांशी मिळतेजुळते असतात. दोन्ही विकार एकत्र का आढळतात, याचा उलगडा त्यामुळे काहीसा झाला व रक्तातील कोलेस्टेरॉल घटविणारी स्टॅटिन औषधे झडपेलाही उपकारक ठरतील, अशी आशा निर्माण झाली. २००५ ते २०१० या काळातील तीन मोठ्या चाचण्यांत ती फोल ठरली. रोहिण्यांना गुणकारी असलेल्या या औषधांनी झडपेचा संकोच मंदावला नाही. तेव्हा दोन्ही विकारांचा उगम सारखा असला, तरी पुढील वाट वेगळी आहे, असे मानावे लागते. लक्षणे दिसू लागल्यावर या रुग्णांचे आयुष्य झपाट्याने सरते, हे जॉन रॉस व यूजीन ब्राउनवाल्ड यांनी १९६८ मध्ये दाखविले होते. हृदय अपुरे पडू लागल्यावर विनाशस्त्रक्रिया सु. दोन वर्षेच हाती राहतात.

आलँ क्रीब्ये यांनी १६ एप्रिल २००२ रोजी फ्रान्समधील रुआन येथे जांघेतून नेलेल्या नळीच्या साहाय्याने महारोहिणी झडप बसविली. छाती उघडण्यास असमर्थ अशा वृद्धांसाठी निघालेली ही पद्धत मुंबईतील मोठ्या रुग्णालयांतही रूढ झाली आहे. तीमुळे प्रच्छन्न हृद्‌रोहिणी विकाराचा जुना प्रश्न नव्या रूपात पुढे आला. शस्त्रक्रियेत छाती उघडलेलीच असल्याने बायपास सोबत उरकता येत असे. नळीने झडप बसविताना रोहिण्यांसाठी वेगळा उपचार करावा लागतो. आंद्रेआस ग्रुंट्‌सिख यांनी १९७७ मध्ये झुरिक येथे सुरू केलेल्या फुग्याच्या पद्धतीने व नंतरच्या काळातील जाळीदार नळीने (स्टेंट) हृद्‌रोहिणी आधी मोकळी करावी की ती तशीच ठेवावी, यावर २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत उपचाराचा स्पष्ट लाभ दिसला नाही. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नोशन-३ या चाचणीत ४५५ रुग्णांची पाहणी झाली. सु. दोन वर्षांच्या अवधीत मृत्यू, हृदयविकाराचा झटका वा तातडीचा रोहिणी-उपचार यांपैकी काही घडलेल्यांचे प्रमाण रोहिणी मोकळी केलेल्या गटात २६ टक्के, तर न केलेल्या गटात ३६ टक्के होते. रक्तस्राव मात्र पहिल्या गटात अधिक झाला. निकालातील हा फरक मृत्यूंमुळे नव्हे, तर मुख्यतः झटके व तातडीचे उपचार घटल्यामुळे पडला, हे त्याचा अर्थ लावताना विसरता येत नाही. हृद्‌रोहिणीतील अडथळ्याचे महत्त्व दाबमापनाने ठरविण्याच्या पद्धतीही या रुग्णांत पूर्णपणे विश्वसनीय ठरत नाहीत, कारण जाड झालेल्या निलयामुळे मोजमापाचा पायाच बदललेला असतो.

संगणकीय क्ष-किरण छेदचित्रणाने (सी. टी.) नळी न घालता हृद्‌रोहिण्या पाहता येऊ लागल्याने धोका कमी असलेल्या रुग्णांसाठी तो पर्याय मार्गदर्शक सूत्रांत आला आहे. रोहिण्या स्वच्छ आहेत, एवढे त्यातून खात्रीने कळले तरी पुढील परीक्षा टळते. संधिज्वरजन्य झडपविकाराच्या मध्यमवयीन रुग्णांना त्याचा विशेष उपयोग व्हावा, अशी अपेक्षा होती. तथापि द्विदली झडपसंकोचात डाव्या अलिंदाचे कंपन होऊन नाडी अनियमित होणे ही नेहमीची गोष्ट आहे आणि अनियमित ठोक्यांमुळे चित्र पुसट येते. महारोहिणी झडपसंकोचाच्या वृद्ध रुग्णांत रोहिण्यांच्या भिंतीतील चुना चित्रात पसरून आतील पोकळी झाकतो. अशा रुग्णांत सोन्स यांच्या पद्धतीचे रोहिणीचित्रणच करावे लागते. ते जांघेऐवजी मनगटातील रोहिणीतून केले असता रुग्णास त्याच दिवशी उठून बसता येते.